शाळेपासून बत्तीस पावलांवरून

प्रति,
मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रीसाहेब, नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. शाळेच्या फाटकापासून बत्तीस पावलांवर. पावलं मुद्दाम मोजली. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-तेलाचं खाणं विकायचं नाही, असा केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे, हे गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं मला मोबाइलवर दाखवलं. म्हणजे इतके दिवस मी रोज नियम मोडत होतो. ते आधी कबूल करतो, मग मागायचं ते मागतो.

मधल्या सुट्टीची घंटा झाली की पंधरा-वीस लेकरं दुकानापुढं येतात. मुठीत पाचाचं नाणं, घामानं ओलं. "काका, लाल पुडा." "काका, बॉबी." कुरकुरीत, मसालेदार खाऊचा तो पुडा दातानं फाडायचा, संपत आला की तोंडावर उलटा करून तळचा मसाला झटकायचा, बोटं चाटायची आणि पळत जाऊन नळाला तोंड लावायचं. त्या दिवशी शाळेची खिचडी ताटात उरते, असं खिचडी शिजवणाऱ्या मावशी सांगतात.

मी बारावी झालेलो. एका पुड्याची मागची बाजू चष्मा लावून वाचली. अक्षर मुंगीएवढं, आणि तेही इंग्रजीत. 100 ग्रॅममागे सोडियम 900 मिलिग्रॅम. पुडा 20 ग्रॅमचा, म्हणजे 180. सोडियमचं मीठ करायचं तर अडीचनं गुणायचं, हे पोरीनं सांगितलं. झालं 450 मिलिग्रॅम, अर्ध्या ग्रॅमला थोडं कमी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, लेकरांना त्याहून कमी. एका पुड्यानं काही होत नाही, मान्य. पण काही लेकरं दिवसाला तीन पुडे नेतात, आणि घरी ठेचा, लोणचं, पापड आहेतच. माझ्या घरात बीपीची गोळी रोज लागते. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगून चार वर्षं झाली, तरी जीभ ऐकत नाही. लेकरांची जीभ आतापासूनच तशी होतेय.

मिठापेक्षाही मला भुकेची काळजी वाटते. त्या पुड्यात निम्म्याच्या आसपास पीठ, तिसरा हिस्सा तेल. पोट भरल्यासारखं होतं आणि घरी भाकर नको होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) राज्यातल्या पाच वर्षांखालच्या लेकरांत रक्तक्षय 68.9 टक्के निघाला. त्याचं सगळं खापर पुड्यावर फोडत नाही. पण ज्या लेकराला डाळ, पालेभाजी, शेंगदाणे पोटात जायला हवेत, त्याची भूक पाच रुपयांत मारायचं काम माझ्या दुकानातून होतं.

दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं कोयता घेऊन कारखान्याला जातात. लेकरं म्हाताऱ्या आजीजवळ राहतात. आजीचे गुडघे दुखतात, चूल दोनदा पेटत नाही. लेकरू रडलं की ती माझ्याकडं पाठवते. तिला मी काय सांगू?

आता मागणं. पुड्याच्या पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, मराठीत लिहा: या पुड्यात मीठ इतके ग्रॅम, तेल इतके ग्रॅम. शंभर ग्रॅमचा हिशेब आजीला कळत नाही, मलाही पोरीला विचारावा लागला. चिली देशात 2016 पासून असल्या पाकिटांवर काळ्या अष्टकोनात इशारा असतो. आपल्याकडं एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुढच्या बाजूच्या लेबलाबद्दल तज्ज्ञ समितीकडून शिफारशी मागवल्या. कायदा केंद्राचा आहे, हे ठाऊक आहे. पण राज्यानं दिल्लीत जोर लावावा.

दुसरं मागणं जास्त जवळचं. पुड्यांची गाडी दर मंगळवारी दारात येते. माळ टांगून देते, जुना माल परत नेते. फुटाण्याला, ज्वारीच्या लाह्यांना, गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीला अशी गाडी नाही. मी फुटाणे ठेवून बघितले. पावसाळ्यात सादळले, फेकून दिले. बचत गटाच्या बायांना हवाबंद पिशवीचं मशीन आणि तालुक्याला एक फिरती गाडी मिळाली, तर पाच रुपयांत मी ते विकीन. सुटतात तेवढेच पैसे सुटले तरी चालेल. 22 सप्टेंबर 2025 पासून नमकीनचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तसं या मालाकडंही कुणीतरी बघावं.

माळ मी आता आत, तेलाच्या डब्यांमागं टांगलीय. लेकरं टाचा उंचावून बघतात आणि विचारतात, "काका, पुडे संपले का?"

आपला,
एक किराणा दुकानदार,
जि. बीड