कवट्या मोजण्यापलीकडचं शास्त्र

संपादक साहेब,
मानववंशशास्त्र शिकून करणार काय असं विचारणाऱ्यांनी अर्जेंटिना बघावं, 1976 ते 83 च्या लष्करी राजवटीत हजारो लोक गायब केले गेले, मग 1984 मध्ये क्लाइड स्नो या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने (हाडांवरून माणूस ओळखणारा तज्ज्ञ) तिथल्या कॉलेजच्या पोरांना हाताशी धरलं आणि निनावी कबरी शास्त्रशुद्ध कशा उकरायच्या ते शिकवलं. कवटीतलं गोळीचं भोक, जुनं फ्रॅक्चर, दातांचं रेकॉर्ड, सगळं जुळवून ओळख पटवायची. त्या लष्करी राज्यकर्त्यांवरच्या 1985 च्या खटल्यात स्नोंनी कोर्टात साक्षही दिली.
आणि गायब झालेल्यांच्या घरच्यांशी तासन्‌तास बोलणं हेही त्यातच आलं (मला वाटतं तेच जास्त अवघड). नाहीतर मदतीला येणारे बरेचजण नुसते फॉर्म भरून घेतात नि निघतात, निदान एक तरी असा ऐकून घेणारा माणूस मदतीच्या टीममध्ये घ्या की!
- एक वाचक