बाई, तो समुद्र बाजूला ठेवला

आदरणीय बाईंना,
सा. न. वि. वि.

तुमच्या ओसरीवर 38 प्रिंट मांडून आपण बसलो होतो, त्याला महिना होऊन गेला. घरी पोचल्यावर मी व्हॉट्सअ‍ॅपवर नमस्काराचे हात पाठवले, तुम्ही उलट अंगठा पाठवलात. तेवढ्यावर भागवायचं माझ्या जिवावर आलंय. शिवाय ‘तो समुद्राचा फोटो का काढून टाकलास?’ असं बरेच जण विचारतायत. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा तुम्हालाच सगळ्यांसमोर पत्र लिहितो.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं. चार वर्षं मी कोकणातल्या तरींचे, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटींचे, फोटो काढतोय. रेवस–करंजा, दिघी–आगरदांडा, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ. रेवस ते रेडी सागरी महामार्गातल्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते झाले की गाड्या चढवायचा फळका खाली पडताना होणारा तो धडाड आवाज, गाडी उलटी चढवताना ‘येऊ द्या, येऊ द्या, बस्स’ करणारा खलाशी, हे सगळं कितपत उरेल कोण जाणे. म्हणून ही मालिका. तिच्यात टेबलफॅन पोटाशी धरून उभी असलेली बाई आहे, स्टीअरिंगवर मान टाकून झोपलेला टेम्पोवाला आहे, कठड्याला बांधलेली दोन बोकडं आहेत. आणि या सगळ्यांत एक होता समुद्र.

बागमांडला–वेसवीची तर चालते त्या सावित्री नदीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या बाणकोटच्या किल्ल्यावरून काढलेला. इंग्रजांनी या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं, आपल्याकडे त्याचं नाव हिम्मतगड. जांभ्याच्या तटावर ट्रायपॉड लावून, लेन्सवर उजेड अडवणारा काळा फिल्टर चढवून दीड मिनिटाचं एक्स्पोजर दिलं होतं. लाटांचं पार दूध झालं होतं. वर जांभळट आभाळ, मधे क्षितिजाची सरळ रेघ, आणि माणूस औषधालाही नाही. माझ्या सगळ्या फोटोंत सर्वांत जास्त वाहवा याच फोटोला मिळाली. एका पोर्टफोलिओ रिव्ह्यूत (जाणकारांना आपले फोटो दाखवून मत घ्यायचं, तिथे) तर मला सांगण्यात आलं की मालिका यानेच सुरू कर, बाकीचे फोटो याच्या मागे आपोआप उभे राहतील. (तिथे बाकीच्या 37 प्रिंटना मिळून जेमतेम पाच मिनिटं मिळाली, हेही सांगून टाकतो.)

तुमच्याकडे मी खरं तर शिक्कामोर्तब करून घ्यायलाच आलो होतो. शाळेत चित्र दाखवताना जसं ‘छान’ ऐकायचं असायचं, तसं.

तुम्ही काही बोलला नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून एकेक प्रिंट डोळ्यांपाशी धरलात. टेबलफॅनवालीपाशी हसलात. समुद्र हातात घेतलात आणि विचारलंत, ‘तू कुठे उभा होतास?’

मी म्हटलं, किल्ल्यावर.

‘आणि या बाकीच्यांत?’

बाकीच्यांत मी बोटीवर होतो, नाहीतर धक्क्यावर, रांगेत. तिकीट काढून. हे मी तोंडाने म्हणालो आणि माझं मलाच ऐकू आलं. चार वर्षांत ते डोक्यात आलं नव्हतं. 37 फोटोंत पाणी माणसाच्या कमरेच्या उंचीला आहे, कुणाला तरी पलीकडे जायचंय आणि ते आडवं आलंय. या एकात ते खाली, लांब, कुणाच्याच वाटेत नसलेलं.

मी हार मानणाऱ्यातला नव्हतो. तुम्हाला सुगिमोतो सांगितले. जपानचे हिरोशी सुगिमोतो 1980 पासून जगभरचे समुद्र काढतायत, काळ्यापांढऱ्यात, अर्धं पाणी आणि अर्धं आकाश, दुसरं काही नाही. म्हणजे नुसत्या समुद्राचाही फोटो होतोच की! तुम्ही शांतपणे विचारलंत, ‘त्यांचे सगळे तसेच आहेत ना? मग तिथे शोभतं. एका मागोमाग एक तेच पाहिल्यावर माणूस त्यातला फरक शोधायला लागतो. तुझ्यात एकच आहे. तो नुसता पाहुणा होऊन बसतो आणि सगळं घर त्याच्या दिमतीला लागतं.’

यावर मला काही सुचलं नाही.

मग तुमचं बोट पाण्यावरच्या चकाकीवर टेकलं. ‘सूर्य इथे, आणि त्याची तिरीप एवढी डावीकडे कशी रे?’ बाई, एवढ्या लोकांनी तो फोटो पाहिला, एकानेही हे विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी आभाळ कोरं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशीचं ढगांचं आभाळ मी वर बसवलं होतं. मी लगेच गुस्ताव ल ग्रेच्या आड लपलो. हा फ्रेंच छायाचित्रकार 1850च्या दशकात समुद्र काढायचा. तेव्हा निगेटिव्हसाठी वापरायच्या त्या कलोडियन या रसायनाचा थर दिलेल्या काचा निळ्या उजेडाला फार लवकर प्रतिसाद द्यायच्या, पाणी नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरंफटक होऊन जायचं. म्हणून तो काही चित्रांत आभाळाची आणि पाण्याची वेगवेगळी निगेटिव्ह घेऊन क्षितिजावर जोडायचा. तुम्ही ऐकून घेतलंत. ‘त्याची अडचण होती. तुझी काय होती?’ एवढंच विचारलंत.

पण खरी मेख पुढे होती. तुम्ही तारीख विचारलीत. मी प्रिंटच्या मागे लिहिलेली वाचून दाखवली. तुम्ही आत जाऊन दुधाचा हिशेब लिहिलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर घेऊन आलात. कोजागिरीनंतरची तृतीया निघाली. मग बोटांवर हिशेब: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. तीनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती, म्हणजे सूर्य बुडताना चार तास ओहोटी लागलेली. पौर्णिमा नुकतीच झालेली, उधाणाचं पाणी अजून भांगाला, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांना, आलेलं नाही, ओढ जबरदस्त.

‘म्हणजे सावित्रीचं पाणी तेव्हा बाहेर निघालेलं असणार,’ तुम्ही म्हणालात. ‘पावसाळा जेमतेम संपलाय. खाडीच्या तोंडाशी गढूळ पट्टा दिसायलाच हवा. तो कुठे गेला?’

तो मी पुसला होता.

खरंच होता तो. मातकट, चहाच्या रंगाचा, समुद्राच्या हिरव्या पाण्यात जिभेसारखा शिरलेला, कडेला फेसाची वाकडी रेघ. मला तो घाण वाटला. उजवीकडून थोडा कापला, उरलेल्याला निळा रंग चढवला. संगणकावर अर्धा तासही लागला नाही. आणि तुम्ही तो फोटोत नसताना पाहिलात! तिथी आणि पाऊणकी एवढ्यावर.

त्यानंतर तुम्ही तुमच्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितलीत. ती इथे पूर्ण लिहीत नाही, तुमची आहे. फक्त एवढं सांगतो, की शाळेत हजर व्हायच्या दिवशी ओहोटीने होडी चिखलात बसली होती, नवं पातळ सावरत तुम्ही तीन तास धक्क्यावर पाणी चढायची वाट पाहिलीत, आणि चिपळूणच्या वळशाने जाण्याइतके पैसे जवळ नव्हते. ‘पाणी त्याच्या वेळेने चढतं,’ असं म्हणून तुम्ही उठून चहा टाकायला गेलात. मी मधल्या वेळात समुद्राची प्रिंट उचलून पिशवीत ठेवली. तुम्ही परत आलात तेव्हा ती जागा रिकामी होती. तुम्ही पाहिलंत, बोलला नाहीत, कपबशी नेमकी तिथेच ठेवलीत.

तुम्ही ‘काढून टाक’ असं एकदाही म्हणाला नाहीत, हे मला घरी येताना फेरीबोटीवर लक्षात आलं. आभार त्याचेच मुख्य. मला निकाल ऐकायची सवय झालीय. ठेव, काढ, पहिला घे, शेवटी टाक. तुम्ही मात्र चार प्रश्न विचारलेत आणि चारही प्रश्न फोटोतल्या वस्तूंबद्दलचे: मी, सूर्य, तारीख, पाणी. सौंदर्याचा शब्दसुद्धा काढला नाहीत. फोटो वाईट आहे असंही म्हणाला नाहीत, आणि तो नाहीच वाईट! आईने मागून घेतलाय, तिच्या दिवाणावरच्या भिंतीला लागलाय. तिथे तो कुणाच्या आड येत नाही.

घरी आल्यावर मूळ फाइल उघडली. त्याच संध्याकाळचं कोरं आभाळ, काही न पुसलेलं पाणी. फिल्टर लावायच्या आधी चौकट जुळवायला काढलेला एक साधा फोटोही सापडला, 1/250 सेकंदाचा. त्यात लाटा लाटांसारख्या आहेत आणि तो तपकिरी पट्टा अगदी ठसठशीत. त्याची छोटी प्रिंट काढून टेम्पोवाल्याच्या शेजारी ठेवून पाहिली. आठवडाभर ती तिथे होती. कधी वाटायचं बसतेय, कधी वाटायचं मी तुमच्या हिशेबावर भाळून तिला ओढून आणतोय. उभा अजूनही किल्ल्यावरच आहे ना मी त्यात. सध्या तीही बाहेर आहे. मालिकेत 37च आहेत.

पण त्या पट्ट्याने डोक्यात घर केलंय. तो बोटीवरून कसा दिसतो हे मी पाहिलंच नाही. इतक्या फेऱ्या मारल्या, पण कॅमेरा कायम माणसांकडे, पश्चिमेला पाठ. यंदाच्या कोजागिरीनंतरच्या तृतीयेला मी दुपारपासून वेसवीला असणार आहे. सव्वादोनला भरती, म्हणजे चारच्या पुढच्या कुठल्याही बोटीला पाणी बाहेर ओढत असेल. बागमांडल्याला जायचं, उतरायचं नाही, त्याच बोटीने परत. असं अंधार पडेपर्यंत.

तुम्ही येणार असाल तर धोपाव्याला येऊन तुम्हाला घेऊन जाईन, दाभोळची फेरीबोट आपली सकाळचीच धरू. गुडघ्यांचं काय ते बघा, कारण वेसवीला बसायला मिळेलच असं नाही, कठड्याला धरून उभं राहावं लागेल. थर्मास मी आणतो. तुम्ही कॅलेंडर आणा.

तुमचा विद्यार्थी
(सहावी ब, शेवटचा बाक, रंगपेटी कायम विसरणारा)