खेकड्यांच्या ताईंना, मनापासून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "आर्द्रता किती आहे आज?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र. आणि ते उघड अशासाठी, की तुम्ही मला जे शिकवलंत ते हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, पाळणाऱ्या आणखी चौघांच्या उपयोगी पडावं.

भाचीची हौस फिटली आणि तिचे खेकडे माझ्याकडे आले, तेव्हाचं त्यांचं घर तुम्ही पाहिलं होतंत. जाळीच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाशी रंगीत खडे, पाण्याच्या नावाखाली एक भिजवलेला स्पंज. शंखसुद्धा चकाकत्या रंगात रंगवलेले. तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत. फक्त विचारलंत, "हे श्वास कसा घेतात, माहीत आहे?" जमिनीवर राहत असले तरी हे कल्ल्यांनीच श्वास घेतात आणि कल्ले ओलसर राहिले तरच तो घेता येतो, हे मला तेव्हा कळलं. कोरड्या हवेत ते हळूहळू गुदमरतात आणि बघणाऱ्याला वाटतं, स्वभावानेच सुस्त आहेत. पुढचं सगळं घर आपण या एका गोष्टीवर बेतलं.

काचेची टाकी आणि तिला काचेचंच घट्ट बसणारं झाकण, इथून सुरुवात झाली. शोभेच्या वस्तू सुचवणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही पहिली खरेदी हायग्रोमीटरची, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राची, करायला लावलीत आणि त्याच्यावरही लगेच विश्वास ठेवू दिला नाहीत. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, ते जेमतेम ओलं होईल एवढे पाण्याचे थेंब, ते झाकण आणि हायग्रोमीटर एकाच हवाबंद पिशवीत रात्रभर. सकाळी आकडा ७५ यायला हवा होता, आला ६८. मला वाटलं यंत्र बाद. तुम्ही म्हणालात, "बाद कशाला? सात मिळवून वाचायचं." तसं वाचून आर्द्रता ७५ ते ८५ टक्क्यांत ठेवते आणि तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअसमध्ये. हीटिंग पॅडही तुमच्या सांगण्यावरून मागच्या काचेला, वाळूच्या पातळीच्या वर लावला. तळाखाली लावला असता तर हवा थंडच राहिली असती आणि खोल पुरून बसलेला जीव भाजून निघाला असता.

पण खरे आभार वाळूचे. पाच भाग बारीक वाळू, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), क्लोरीन काढलेल्या पाण्यात कालवून. तुम्ही बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात घातलात, मूठभर मिश्रण घट्ट दाबलंत आणि तळहात उघडून दाखवलात. गोळा फुटला नव्हता आणि बोटांमधून एक थेंबही ठिबकला नव्हता. मग पेन्सिल उभी खुपसून अलगद काढलीत आणि पडलेलं भोक ढासळतंय का ते बघत बसलात. भोक टिकलं तरच खेकड्याचं बीळ टिकणार. थर निदान सहा इंचांचा, किंवा सगळ्यात मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल ते. "अर्धी टाकी मातीतच गेली की!" असं घरच्यांनी म्हटलं. जाणारच! कात टाकायला हे प्राणी खाली जातात आणि तिथे आठवडेच्या आठवडे राहतात.

पाण्याचं तुम्ही पटकन उरकलंत: दोन कुंडं, एक गोड्या पाण्याचं, एक खाऱ्या. खाऱ्यासाठी स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, मत्स्यालयाचं सागरी मीठ लागतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. कुंडं बुडी मारण्याइतकी खोल आणि चढून यायला खडबडीत उतार. नळाचं पाणी नुसतं उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही, म्हणून ही दोन्ही काढणारं औषध, डीक्लोरिनेटरही तुमच्याच सांगण्यावरून आलं.

रंगीत शंख मी ओढून काढणार होते, तो माझा हात तुम्ही धरलात. खेकडा एक वेळ अंगाचे तुकडे होऊ देईल, पण शंख सोडणार नाही. त्याऐवजी तुम्ही टर्बो या समुद्री गोगलगायीचे बिनरंगी, गोल तोंडाचे शंख आणलेत, प्रत्येक खेकड्याच्या डाव्या मोठ्या नांगीने शंखाचं तोंड बंद होईल अशा मापाचे. त्या खेकड्यांतल्या पिंट्याने त्यातला एक शंख रात्रभर न्याहाळला. मिशा आत घालून पाहिल्या, नांगीने कडा चाचपली, उलटा करून आतली वाळू सांडून टाकली. आणि मग त्याचं ते मऊ, वळलेलं पोट एका शंखातून दुसऱ्यात इतक्या झटक्यात गेलं, की मी डोळे चोळत राहिले.

मोठी टाकी आली तेव्हा हाच पिंट्या नेमका वाळूखाली होता. नवं घर तयार, बाकीची मंडळी वर आणि हा गायब. उकरून बघू का, असं मी तुम्हाला कितीदा विचारलं असेल! दर वेळी तुमचं उत्तर तेच: "नाही." कात टाकल्यावर अंग मऊ असतं, जरासा धक्काही जिवावर बेतू शकतो. शिवाय टाकलेलं कवच तो स्वतःच खातो, त्यातलं कॅल्शियम परत मिळवायला. बीळ मोडलं तर तेही हातचं जातं. त्या काळात तुम्ही मला कामाला लावलंत. नव्या टाकीत वाळू भरणं, ऊब आणि आर्द्रता स्थिरावते का ते पाहणं, जुन्या टाकीच्या तळकाचेपाशी पाणी साचतंय का ते टॉर्चने बघणं. पाणी साचलं की वाळू सडते, कुजक्या अंड्यांसारखा वास येतो आणि खाली असलेल्याचं काही खरं नसतं.

वर आला तेव्हा त्याच्या नख्यांची टोकं काळीभोर आणि अणकुचीदार होती. डब्यात असताना तुटलेला पायही परत आलेला, बाकीच्यांपेक्षा बारीक आणि फिकट. मी तुम्हाला फोन केला, तर तुम्ही आधी विचारलंत, "समुद्रफेस ठेवलाय ना आत?" कॅल्शियमसाठी कुरतडायला ठेवतात ते कटलफिशचं हाड. ठेवला होता.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. मोठी टाकी बघून मला आणखी दोन खेकडे आणायची हुक्की आली होती, तुम्ही आणू दिले नाहीत. यांच्या अळ्या समुद्राच्या पाण्यात वाढतात, घरात पैदास जवळजवळ होतच नाही. विकायला येणारे बहुतेक सगळे किनाऱ्यावरून उचललेले असतात. "ज्यांना नको झालेत त्यांच्याकडून घ्या," असं तुम्ही म्हणालात. नीट सांभाळले तर दहा वर्षांहून कितीतरी जास्त जगणारा जीव आहे हा, त्यामुळे नको झालेले सापडतातच. मलाही सापडले.

आता त्या दोघांसाठी टाकीवर काचेचा एक मजला चढवायचा बेत आहे, वर चढायला जाळी आणि कॉर्कची साल लावून. कच्ची आकृती सोबत जोडली आहे. सांध्यातून वाफ निसटणार नाही अशी पट्टी कुठे बसवायची ते मला ठरवता येत नाहीये. लाल पेनाने खुणा करून पाठवा.

तुमची,
पिंट्याची सध्याची घरमालकीण