पुराने ठेवले ते

गावभाग, सांगली

चि. मंदार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू यांना, "पाडव्याच्या आत घर रिकामे झालेच पाहिजे," असे म्हणालास, तेव्हापासून यांनी माळ्यावरच्या एकाही वस्तूला मला हात लावू दिलेला नाही. तुझे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. पावसाळा आला की आम्ही दोघे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती झाली, याकडे कान लावून बसतो. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी काय झाले ते तुला ठाऊकच आहे. विश्रामबागची नवी जागा उंचावर आहे, ताई हाकेच्या अंतरावर आहे, सगळे पटते. एवढेच सांगायचे आहे की, भंगारवाल्याला यांच्या देखत बोलावू नकोस.

२०१९च्या ऑगस्टमध्ये खालच्या खोल्यांतले सारे गेले. गाद्या, फडताळ, माझे शिवणयंत्र, आक्कांची रुखवताची पेटी. उरले ते फक्त माळ्यावरचे. म्हणून आज हे विचारतात, "कृष्णेने जे नेले नाही, ते मी का टाकू?" याला माझ्याकडे उत्तर नाही आणि तुझ्याकडेही नसावे. पाणी ओसरल्यावर सिटी सर्व्हेचा उतारा आणि यांचे सर्व्हिस बुक तू पानापानांत टिपकागद घालून ताईच्या घरी पंख्याखाली सुकवलेस, ही गोष्ट हे आजही येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. तुझ्यासमोर मात्र कधी बोलणार नाहीत.

आता वस्तूंचे बघू. बंब आणि घंगाळ मोडीत काढायला माझी हरकत नाही, नव्या घरात गीझर आहे. जाते आणि पाटा-वरवंटा कोणालाच नको असतो. परंतु ज्या भांड्यांवर नावे कोरलेली आहेत, त्यांतले एकेक तू आणि ताईने ठेवावे, म्हणजे पुढे "आईने तुलाच दिले" असे कोणी म्हणायला नको. मिरजेचा तंबोरा टेम्पोत खोक्यांखाली घालू नकोस. तारा उतरवून, भोपळ्याभोवती गोधडी गुंडाळून तो मोटारीत कोणाच्या तरी मांडीवर न्यावा लागेल. यांची पुस्तके नगर वाचनालयाला द्यावीत अशी यांचीच इच्छा आहे, कारण तिथली हजारो पुस्तके त्याच पुरात भिजली. मात्र आधी यादी दाखवून त्यांना काय हवे ते विचारावे. न विचारता गठ्ठे नेऊन उतरवणे बरे नव्हे.

खरे तर माणसाने वस्तू घरात आणतानाच विचार करावा. तुझ्या पुण्याच्या घरात मागच्या घरातून आलेली खोकी अजून उघडलेलीही नाहीत, आणि आम्हाला मात्र तू शिकवतोस की वर्षभर जे वापरले नाही ते लागत नाही. असो, रागावू नकोस. या वयात दुसऱ्याला ऐकवण्याची सवय सुटत नाही. तू नोकरी, मुलांच्या शाळा सांभाळून आमच्यासाठी जागा बघितलीस, कर्ज काढलेस, हे मी विसरलेली नाही.

ताई म्हणते, यांना दुपारी तिच्याकडे जेवायला बोलावू आणि तेवढ्या वेळात माळा मोकळा करू. पण नंतर कळल्यावर काय होईल? यांचा रक्तदाब गोळ्या चालू असूनही वर जातो आणि हे कोणाला सांगत नाहीत. तेव्हा देखत नको आणि माघारीही नको, असेच माझे मन घोळत राहते. तू दोन दिवस आधी ये, आणि टेम्पोचे बोलणे न काढता यांच्याजवळ बसून एकेक वस्तू खाली काढायला लाव. कुठली कोणाची, कधी आणली, हे सांगू दे. वेळ जाईल, तुझी सुट्टीही जाईल. सांगून झाले की काही गोष्टी हे आपल्या हातानेच बाजूला काढतील, असे मला वाटते. नाही काढल्या, तर त्या माझ्या खोलीत राहतील. भंगारवाल्याचे मी आधीच लिहिले आहे, तरी पुन्हा सांगते, तो गल्लीत हाक देत आला तरी त्या दिवशी थांबवू नकोस.

सूनबाईंना विचार, लग्नकार्याचे मोठे पातेले त्यांना हवे आहे का. नको असल्यास स्पष्ट सांगावे, माझे मन राखण्यासाठी हो म्हणू नये. समोरच्या मंडळात ते गणपतीच्या प्रसादाला मागत आहेत.

तुझी,
आई