बोगद्याआधी आमच्या रस्त्याला मोऱ्या द्या

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मागच्या पुरानंतर पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी गावासमोर शब्द दिला होता, की पुढच्या पावसाळ्याआधी नव्या रस्त्याच्या भरावात पाणी निघून जायला मोऱ्या वाढवून देतो. पावसाळा आला, मोऱ्या होत्या तेवढ्याच. यंदा नदी उतरली तरी आमच्या शिवारातलं पाणी जागचं हललं नाही.

ऊस पाण्यात उभा राहिला तर तग धरतो. पण शेंडा बुडून पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या कोंबात, गाळ बसला की संपलं. पोंगा ओढला तर हातात येतो, कुजका वास मारतो. मग कांड्यावरचे खालचे डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे, येतात आणि काट्यावर वजनच भरत नाही. सोसायटीचं कर्ज तसंच राहतं. पाणी वाढल्यावर म्हशी आम्ही त्याच भरावावर नेऊन बांधल्या, कारण दुसरी उंच जागा उरलेली नाही. ज्या भरावाने शेत बुडवलं, त्याच्यावरच रात्र काढायची, हे किती लागतं ते तुम्हाला कसं सांगू?

शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या चारही नद्यांचं पाणी येतं. २००५, २०१९, २०२१ असे महापूर आम्ही सोसले. पूर आला की पुढारी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव घेतात. त्याची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला आमचा विरोध आहे आणि राहील. पण २०१९ च्या पुरानंतर सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने खापर अलमट्टीवर फोडलं नाही, नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. त्याचं काय केलंत? पंचवीस वर्षांतल्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा, दोन्ही नकाशावर आहेत. निळ्या रेषेच्या आत प्लॉट पडतात, मंगल कार्यालयं उठतात, त्यांना वीजही मिळते.

आता जागतिक बँकेचा पैसा घेऊन पुराचं पाणी बोगद्यातून दुष्काळी भागाकडे न्यायचं म्हणता. दुष्काळी भागाला पाणी जरूर द्या. पण २०१९ मध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या वर विसर्ग सुरू होता. त्यापुढे तुमचा बोगदा किती पाणी उचलणार, तो आकडा गावसभेत येऊन सांगा. त्याआधी नदीकाठचा प्रत्येक भराव मोजा. जिथे पाणी तुंबतं तिथे रस्ता खांबांवर उचला. वीज उपकेंद्रं आणि पाणीपुरवठ्याचे पंप २०१९ च्या पातळीच्या वर न्या. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला टँकर, ही वेळ दर पुरात का यावी?

रस्ता एका खात्याचा, नदी दुसऱ्याची, पंचनामा तिसऱ्याचा. बुडणारं घर मात्र एकच असतं. २०१९ मध्ये घर दोन दिवस पाण्याखाली असेल तरच मोफत धान्य, असा आदेश याच राज्यात निघाला होता. तो कागद आम्ही विसरलेलो नाही. बुडाल्यावर हजारांची मदत वाटायला सरकार धावतं, बुडू नये म्हणून खर्च करायचा म्हटलं की फाईल फिरत राहते. अशाने आमची मुलं गावात का राहतील?

मोऱ्यांच्या कामाची तारीख आम्हाला लेखी द्या. मार्चच्या आत काम सुरू झालं नाही, तर पुढच्या पाहणी दौऱ्यात आमच्या गावाचं नाव घालू नका.

आपला,
शिरोळ तालुक्यातला एक पूरग्रस्त शेतकरी