आधी डिस्प्ले वाचायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. टीव्हीवर चित्र झकास, रिसीव्हरचा, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या डब्याचा, दिवा लागलेला आणि आवाजाचा मात्र पत्ता नाही, अशा अवस्थेत डोकं धरून बसलेले खूप जण असतील. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडावं.

आपली ओळख वहिनीमुळे. नाटकांच्या ध्वनिव्यवस्थेचं काम करणाऱ्या बाईंपुढे घरच्या स्पीकरचं रडगाणं काय गायचं, असा मला संकोच होता. पण तोवर दोन जाणकार येऊन गेले होते. पहिल्याने केबल बदलली, फरक शून्य. दुसऱ्याने स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारी कांडी) रिसीव्हरमधून काढून थेट टीव्हीला लावली आणि टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल केबल ओढली. त्यावर एका अ‍ॅपमधून अवाक्षर ऐकू येईना, तेव्हा "रिसीव्हर जुना झालाय, नवीन घ्या" असा निकाल देऊन तो मोकळा झाला.

तुम्ही केबलबद्दल काही विचारलंच नाही. तुमचा पहिला प्रश्न होता, "रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय लिहिलंय?"

मी अ‍ॅपवर ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठीच्या आवाजाचा, शिक्का दिसतोय, स्टिकच्या सेटिंगमध्ये सराउंड चालू आहे, असं भराभर सांगायला लागले. तुम्ही मध्येच थांबवलंत. "ते पाठवणाऱ्यांचं म्हणणं झालं. पोचलं काय, ते घेणाऱ्याला विचार." मग रिमोटवरचं माहितीचं बटण दाबायला लावलंत. बारीक हिरव्या अक्षरांत 'पीसीएम' (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) उमटलं, आणि शेजारच्या चौकोनांपैकी एल आणि आर, म्हणजे डावा आणि उजवा, एवढेच दोन उजळलेले. पाच स्पीकर आणि एक सबवूफर जोडलेल्या रिसीव्हरपर्यंत दोनच चॅनेल येत होते. आधीच्या दोघांनीही त्या डिस्प्लेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. दोघांची नजर टीव्हीवर. आवाजाची तक्रार असताना चित्राकडे बघत बसायचं, ही खोड भल्याभल्यांना असते, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

ऑप्टिकल केबलचं कोडं तुम्ही चुटकीसरशी सोडवलंत. ही जोडणी तोशिबाने १९८३ साली आणली, सीडी प्लेअरच्या जमान्यात. तिच्यातून दोन चॅनेलचा साधा पीसीएम जातो, डॉल्बी डिजिटल जातो, डीटीएसही जातो (हे दोन्ही सराउंड आवाज दाबून पाठवायचे प्रकार). पण स्ट्रीमिंगवर ५.१ आवाज बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो आणि तो या वाटेने जात नाही. काही टीव्ही त्याचं साध्या रूपात रूपांतर करून पुढे ढकलतात, काही ढकलत नाहीत. त्यामुळे एक अ‍ॅप बोलायचं, दुसरं मुकं. रिसीव्हर बिचारा निर्दोष होता. "काढ ती केबल, स्टिक परत रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला लाव," म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या जोडणीला, तुम्ही म्हणालात, आणि मुकं अ‍ॅप त्याच क्षणी बोलायला लागलं.

तेव्हाच तुम्ही एक गोष्ट सांगितलीत, ती मला आधीच माहीत असती तर नवी केबल माथी मारून घ्यावी लागली नसती. स्टिकपासून रिसीव्हरपर्यंतच्या एचडीएमआय केबलमध्ये आवाजासाठी वेगळी तार नसतेच. चित्राच्या दोन ओळींच्या आणि दोन फ्रेमच्या मध्ये जो रिकामा वेळ असतो, त्यात आवाजाची पाकिटं घुसवलेली असतात. चित्रात ठिणग्या नाहीत, पडदा मध्येच काळा होत नाही, तर आवाज घेऊन येणाऱ्या त्याच तारा ठणठणीत आहेत. केबलवर संशय घ्यायचं कारणच उरत नाही.

याला अपवाद आर्कचा, म्हणजे एचडीएमआयच्या 'ऑडिओ रिटर्न चॅनेल'चा. तिथे आवाज उलटा, टीव्हीकडून रिसीव्हरकडे येतो, आणि तो वेगळ्या पिनांवरून, १४ आणि १९ नंबरच्या. म्हणून आर्कवर चित्र उत्तम आणि आवाज गायब हे सहज घडू शकतं, आणि तिथे केबल किंवा चुकीचं पोर्ट तपासण्यात अर्थ असतो. टीव्हीच्या सगळ्या पोर्टांपैकी सहसा एकावरच 'आर्क' लिहिलेलं असतं. आर्क २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं, त्याचा सुधारित अवतार ईआर्क २०१७ मध्ये २.१ बरोबर. पहिल्याची क्षमता सेकंदाला साधारण १ मेगाबिट, दुसऱ्याची ३७. माझा रिसीव्हर ईआर्कच्या आधीचा आहे, म्हणून मी मनातून खट्टू होते. तुम्ही म्हणालात, डॉल्बी डिजिटल प्लस साध्या आर्कमध्येही आरामात मावतो. ईआर्क लागतं ते डिस्कवरच्या ट्रूएचडीसारख्या अवजड फॉरमॅटना. आणि स्टिक थेट रिसीव्हरलाच लावली आहे, तर तुझ्या सिनेमासाठी दोन्हींची गरज नाही. नवा रिसीव्हर घेण्याचा विचार तिथेच बारगळला.

पण खरी डोकेदुखी पुढे होती, आणि खरे आभारही तिच्यासाठीच. स्टिक जागेवर आली, डिस्प्लेवर सगळे चौकोन उजळले, आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच: 'पीसीएम', एल, आर. कुणी काही हलवलेलं नाही, सेटिंगला हात लावलेला नाही. कधी नीट, कधी नाही, हा दोष सगळ्यात वाईट, कारण दाखवायला माणूस बोलवावा तर नेमकं तेव्हा सगळं सुरळीत चालतं. तुम्ही मात्र "कधी कधी म्हणजे नक्की कशानंतर?" एवढंच विचारलंत आणि येतेच म्हणालात.

आल्यावर तुम्ही सगळं बंद करून प्लग भिंतीतून काढायला लावलेत. मग टीव्ही, मग रिसीव्हर, तो पुरता जागा झाल्यावर शेवटी स्टिक, या क्रमाने सुरू केलंत. डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल प्लस'. पुन्हा बंद. आता टीव्ही आणि स्टिक आधी, रिसीव्हर मागाहून. 'पीसीएम'. पुन्हा पहिला क्रम, पुन्हा डॉल्बी. मनात येईल तेव्हा बिघडणारी गोष्ट तुम्ही सांगाल तेव्हा बिघडायला लागली. वस्तूला हातही न लावता निम्मी दुरुस्ती झाली होती, फक्त मला ते तेव्हा कळलं नाही.

मग तुम्ही उलगडून सांगितलंत. एचडीएमआयवर समोर कोण आहे आणि त्याला काय काय समजतं, हे स्टिक आधी विचारून घेते. उत्तर एका छोट्याशा तक्त्यात मिळतं, ईडीआयडी नावाच्या, बहुतेकदा अवघ्या २५६ बाइटच्या. त्यात चित्राचे प्रकार असतात आणि आवाजाचेही, प्रत्येक फॉरमॅटसाठी ३ बाइट. रिसीव्हर जागा असला की टीव्हीच्या तक्त्यातला चित्राचा भाग घेतो, आवाजाच्या जागी स्वतःची यादी लावतो आणि तो तक्ता स्टिकला दाखवतो. पण माझ्या रिसीव्हरमध्ये स्टँडबाय पास-थ्रू चालू होतं. म्हणजे तो झोपलेला असतानाही चित्र आणि आवाज टीव्हीकडे जाऊ देतो, आणि त्या वेळी तक्ताही टीव्हीचाच पुढे करतो. टीव्हीच्या यादीत आवाजाखाली दोन चॅनेल. स्टिकने ते मनावर घेतलं. मागाहून रिसीव्हर उठला तरी स्टिकने पुन्हा विचारण्याची तसदी घेतली नाही. ज्या संध्याकाळी आई आधी टीव्ही लावायची आणि मी नंतर रिसीव्हर, त्या संध्याकाळी स्टीरिओ. एवढंच ते गूढ.

इलाज रिसीव्हरच्या मेनूत होता. पास-थ्रू बंद, आणि सीईसी चालू, म्हणजे स्टिक जागी झाली की रिसीव्हरही उठतो. स्टिकच्या बाजूला 'ऑटो' काढून आवाजाचा प्रकार पक्का करून टाकू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात, आणि ते आता पटतं. पक्का केला की उद्या कुणी रिसीव्हरशिवाय नुसता टीव्ही लावला तर तो मुका राहू शकतो. आणि काही उपकरणं मग मेनूची टिकटिकसुद्धा डॉल्बीत गुंडाळून पाठवतात, त्यात उगाच विलंब येतो. दुखणं एकाचं आणि औषध दुसऱ्याला, असं नको.

जाता जाता तुम्ही रिसीव्हरचं आणखी एक सेटिंग तपासलंत: एचडीएमआयचा आवाज कुठे जाणार, अ‍ॅम्प्लिफायरला की टीव्हीला. ते बरोबर होतं. पण 'टीव्ही' असतं तर एवढा सगळा खटाटोप पाण्यात गेला असता, हे वाचकांसाठी लिहून ठेवते. स्टिकची वीज मी रिसीव्हरच्या यूएसबीमधून घेत होते, ती तुम्ही तिच्या स्वतःच्या अडॅप्टरवर नेलीत. यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलिअँपिअरच मिळतील असं धरायचं, आणि तेवढ्यावर स्टिकची उपासमार होऊ शकते.

हे सगळं सराउंडच्या हौसेपायी चाललं होतं असं लोकांना वाटतं. तुम्हाला माहीत आहे, तसं नव्हतं. आईला एका कानाने कमी ऐकू येतं आणि ती सोफ्याच्या कडेला बसते. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. स्टीरिओत मधला स्पीकर गप्प, संवाद डाव्या-उजव्यात वाटलेले, संगीत आणि मारामारीच्या ढिगाऱ्याखाली. आवाज वाढवला की स्फोटही वाढायचे. तुम्ही पहिल्याच फोनवर तात्पुरता उतारा दिला होता, सराउंड मोडचं बटण दाबून दोन चॅनेलमधून मधला स्पीकर बोलता करायचा, खरं ५.१ नाही ते, पण त्यावर ते दिवस निभावले. दोष सापडल्यावर तुम्ही फक्त मधल्या स्पीकरची पातळी ३ डेसिबलने चढवलीत. आई म्हणाली, "आता ही माणसं माझ्याशी बोलतायत." तिने टीव्हीबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द.

आणि ओठांचं. आवाज नीट झाल्यावर मला तो चित्राच्या किंचित पुढे वाटायला लागला. भास असेल म्हणून मी सोडून दिलं असतं. तुम्ही बातम्या लावल्यात आणि निवेदिकेच्या तोंडाकडे बघत फक्त प, ब, म ऐकत बसलात. या अक्षरांना ओठ मिटावेच लागतात, त्यामुळे चोरी लगेच पकडली जाते. टीव्ही चित्रावर संस्कार करण्यात वेळ घालवतो आणि रिसीव्हर तोवर आवाज वाजवून मोकळा होतो, म्हणून आवाज मिलिसेकंदांच्या हिशेबात मागे ओढायचा. उलट झालं, म्हणजे आवाजच मागे पडला, तर रिसीव्हर त्याला पुढे आणू शकत नाही. तेव्हा टीव्हीचे चित्र सुधारणारे नखरे बंद करून चित्राचा विलंब कमी करायचा, हेही तुम्ही बजावलंत. तुम्ही बाण दाबत होतात, थांबत होतात, परत ऐकत होतात. एका 'म'पाशी तुम्ही रिमोट खाली ठेवलात.

पैशांचं नाव काढलं तर तुम्ही रागावलात, त्यामुळे तो विषय बंद. त्या ऑप्टिकल केबलला मात्र काम मिळालं: जुना सीडी प्लेअर तिच्यावर छान वाजतोय.

तुम्ही निघताना म्हणाला होतात, की सॉफ्टवेअर अपडेट आली की पास-थ्रू आणि सीईसी ही दोन सेटिंग्ज आधी बघ. काल रिसीव्हरला अपडेट आली. डिस्प्लेवर 'पीसीएम'. मेनूत गेले, तर पास-थ्रू आपसूक चालू झालेलं. बंद केलं, स्टिक पुन्हा सुरू केली, चौकोन उजळले. मग आईने विचारलं, "त्या ताईंना फोन करायचा का?" म्हटलं, करू, पण जेवायला बोलवायला.

तुमची,
फोनमध्ये जिला तुम्ही 'रिसीव्हर' नावाने सेव्ह केलंय ती