पातेरा जाळू नका, भाजीला घाला

संपादक महोदय,

शिगमो जवळ आला की गोव्यात सकाळच्या वेळी वाड्यावाड्यांवर धूर दिसू लागतो. आंबा, फणस, काजूचा पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पाने, झाडायचा, अंगणाच्या कोपऱ्यात ढीग करायचा आणि काडी लावायची, हा नेम. त्याच घराच्या परसात दुपारी भेंडीची रोपे माना टाकतात आणि विहिरीवरचा पंप दिवसातून दोनदा सुरू होतो. भाजीला जे पांघरूण हवे होते तेच आपण जाळून टाकलेले असते. उन्हाळी परसबागेविषयी जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुधा घाटावरच्या काळ्या जमिनीचे असतात. काळी माती पाणी धरून ठेवते. आपली जांभ्याची तांबडी माती ते धरत नाही, आणि वर ती आम्लधर्मी. त्यामुळे इथे सुरुवात बियाण्यापासून नव्हे, जमीन झाकण्यापासून करावी लागते.

एप्रिलमधल्या उन्हात एक चौरस मीटर वाफा दिवसाला साधारण 5 लिटर पाणी गमावतो. उघड्या वाफ्यातले बरेचसे पाणी झाडाच्या मुळाशी न जाता मातीच्या तोंडावरूनच उडते. त्याच वाफ्यावर दोन ते तीन इंच पातेरा पसरला तर रोज पाणी घालण्याची गरज राहत नाही. एक दिवसाआड चौरस मीटरला एक कळशी, म्हणजे दहाएक लिटर, पुरते. घालायचे ते सकाळी, आणि पानांवर न शिंपडता बुंध्याशी सावकाश. अंदाज चुकतो असे वाटले तर पातेरा बाजूला सारून बोट दोन पेरे मातीत खुपसावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. वरचा पातेरा कोरडा कुरकुरीत दिसतो म्हणून पाणी मारत राहिले की मुळे कुजतात.

पातेरा वाफ्यावर पसरायचा, मातीत गाडायचा नाही. इथेच बहुतेकांचे फसते. सुक्या पानांत कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदी थोडे. ती मातीत मिसळली की कुजवणारे जिवाणू आपल्या पोटासाठी मातीतलेच नत्र ओढून घेतात, आणि पंधरा-वीस दिवसांत भाजीची खालची पाने पिवळी पडू लागतात. लोक मग कीड समजून फवारणी करतात. तसे झालेच असेल तर पाव किलो शेंगदाणा पेंड पाच लिटर पाण्यात तीन दिवस भिजवावी, रोज ढवळावी, आणि त्यात पाचपट पाणी मिसळून बुंध्याशी द्यावी. वर पसरलेल्या पातेऱ्याने ही अडचण येत नाही, कारण तो मातीला फक्त खालच्या बाजूने शिवतो आणि हळूहळू कुजतो.

पसरण्याची वेळही पाहावी लागते. भेंडीचे बी रात्रभर भिजवून, दोन सेंटिमीटर खोल, ओळीत दीड फूट आणि रोपांत एक फूट अंतर ठेवून लावावे. रोप वीतभर झाल्यावरच पातेरा घालावा, तोही खोडापासून चार बोटे लांब. तांबड्या भाजीचे, म्हणजे लाल माठाचे, बी बारीक असते, जाड पाने फोडून ते वर येत नाही. ते वाळूत आणि चुलीच्या राखेत मिसळून विरळ फेकावे, मातीचा नुसता हात फिरवावा आणि वर माडाचे एखादे चुडत (झावळी) आडवे टाकावे. चुडताखाली ओल टिकते आणि पाण्याच्या धारेने बी वाहून जात नाही. तीन-चार दिवसांत कोंब दिसले की चुडत उचलायचे. एक दिवस उशीर केला तरी रोपे पांढुरकी आणि लांबुडकी होतात. पंचवीस-तीस दिवसांत ही भाजी काढता येते. पाडव्याच्या आसपास पेरलेली भेंडी मेच्या मध्यावर लागते आणि पावसापर्यंत चालते.

कोथिंबीर मात्र या दिवसांत उघड्या उन्हात लावूच नये. महिन्याभरात फुलावर येते. धणे चोळून दोन फाकी करावे, अर्धा दिवस भिजवावे आणि आंब्याच्या विरळ सावलीत किंवा सकाळचेच ऊन लागेल अशा पडवीच्या कडेला पेरावे. दर दहा दिवसांनी थोडे थोडे पेरले तर पुरवठा राहतो. पुदिन्याची वीतभर काडी खालची पाने काढून अर्ध्या सावलीतल्या कुंडीत खोचली की लागते; जमिनीत लावला तर शेजारचा वाफाही तोच व्यापतो. गवती चहा, पानओवा, कढीपत्ता यांना उन्हाळ्यात विशेष काही लागत नाही. मायाळूही तशीच.

आम्लतेचे काय? पेरणीच्या तीन आठवडे आधी चौरस मीटरला 150 ते 200 ग्रॅम चुना मातीत मिसळावा, पण तो शेणखताबरोबर एकाच दिवशी नव्हे, नाहीतर खतातले नत्र वायू होऊन उडते. जुन्या गोव्यातल्या एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तालुक्यांत विभागीय कृषी कार्यालये आहेत. माती तपासून घेण्याची चौकशी तिथे करावी आणि मगच चुन्याचे प्रमाण ठरवावे. पातेरा जाळून राख मिळतेच, असे कोणी म्हणेल. राखेत चुना आणि पालाश राहतो हे खरे, पण नत्र धुरातून जाते आणि मातीला घालायचा सेंद्रिय भाग पूर्ण संपतो. राख मूठभर पुरते, आणि ती चुलीतून मिळते.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट जमिनीच्या, कडेला ज्यांची घरे आहेत त्यांना पातेऱ्याचा आणखी एक उपयोग. तिथल्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. ते पाणी उघड्या वाफ्याला दिले की पाणी उडून जाते आणि मीठ वर राहते. पानांच्या कडा जळाल्यासारख्या होतात. झाकलेल्या मातीत मीठ इतक्या वेगाने वर चढत नाही. तरीही अशा पाण्यावर वाल, घेवडा यांच्या वाटेला जाऊ नये, तांबडी भाजी बऱ्यापैकी सोसते. बाजारातून आणलेला काथ्याचा भुसा वापरायचा असेल तर तो गोड्या पाण्यात दोनदा धुऊन घ्यावा, त्यातही मीठ असते.

पातेऱ्याचे तोटे नाहीत असे नाही. जांभ्यात वाळवी असतेच. सुक्या मातीवर सुका पातेरा टाकला की ती हमखास येते. म्हणून आधी वाफा चांगला भिजवावा, मग पसरावे, आणि मातीचे बोगदे दिसले की हाताने मोडावे. दाराजवळ ढीग साठवू नये, विंचू-सापांना ती आयती जागा. पाने उचलताना दाताळे वापरावे, हात घालू नये. अकेशियाची आणि सुरूची पाने कुजायला फार वेळ घेतात, भाजीच्या वाफ्यावर ती नकोत. उरलेल्या पातेऱ्याचे खत करायचे तर तीन टोपल्या चुरलेली पाने, एक टोपली ओला पाला किंवा स्वयंपाकघरातला कचरा आणि अर्धी बादली शेणकाला असे थर द्यावे, पंधरा दिवसांनी एकदा उलथावे, पावसात वर ताडपत्री टाकावी. फणसाची आणि काजूची पाने चिवट असतात. आता सुरू केलेला ढीग चतुर्थीनंतर वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भाजीला उपयोगी पडतो, त्याआधी घाई करून उपयोग नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घालून साध्या प्रकरणी 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली आहे. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर वणवे किती दिवस धुमसले तेही विसरण्याजोगे नाही. पंचायतींनी रस्त्याकडेचा पातेरा पेटवण्याऐवजी गोणपाटांत भरून प्रभागाच्या एखाद्या ठरलेल्या जागी ठेवला, तर फ्लॅटमध्ये कुंड्या लावणारेही तो घेऊन जातील. त्यात प्लॅस्टिक येऊ नये एवढी काळजी झाडणाऱ्याने घ्यायला हवी.

आणि मेच्या अखेरीस वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की वाफ्यावरचा जाड पातेरा ओढून खताच्या ढिगावर टाकावा, पातळ थर तेवढा ठेवावा. ओल्या पानांखाली शंखी गोगलगाई दिवसभर लपतात आणि रात्री कोवळी रोपे मुळासकट संपवतात.

— परसबागेतील काही वाचक, फोंडा